क्रूझवरून ओलेसुंडला उतरल्यावर: सहा तासांत गाव पायी कसं पाहावं

नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर क्रूझ जिथे जिथे थांबते, त्यांतलं ओलेसुंड हे पायी फिरायला फार सोयीचं गाव आहे. जहाज गावाला लागूनच उभं राहतं, मुख्य भाग दोन बेटांवर एका पुलाने जोडलेला आहे आणि सगळं गाव ज्या डोंगरावरून दिसतं तोही चालत गाठता येतो. इथे गाव बघायला बसची महागडी सहल घ्यायची गरज नाही. फक्त क्रम नीट ठरवायला हवा, कारण या गावात वेळ वाया जातो तो अंतरामुळे नव्हे, चुकीच्या क्रमामुळे.

आधी नावाबद्दल. पाट्यांवर हे नाव ए अक्षराने सुरू होतं आणि त्या ए-च्या डोक्यावर एक छोटं वर्तुळ असतं. त्याचा उच्चार ‘ओ’ होतो. शेवटचा ‘ड’ स्थानिक माणसं गिळतात, त्यामुळे कानाला ‘ओलेसुन’ ऐकू येतं. नॉर्वेजियन वर्णमालेत हे वर्तुळवालं अक्षर अगदी शेवटी, झेडच्याही पुढे येतं. बसथांब्यांची किंवा दुकानांची यादी चाळताना नाव सुरुवातीला सापडलं नाही तर शेवटी बघा.

आदल्या रात्री, जहाजावरच

केबिनमध्ये दुसऱ्या दिवसाचा छापील किंवा ॲपमधला कार्यक्रम येतो. त्यातल्या चार गोष्टी कागदावर उतरवून घ्या: धक्क्याचं नाव, जहाजावर परत येण्याची शेवटची वेळ, बंदरातल्या एजंटचा फोन नंबर आणि जहाजाची घड्याळं स्थानिक वेळेप्रमाणे आहेत की नाहीत. ‘सुटण्याची वेळ’ आणि ‘परत येण्याची वेळ’ यांत बहुधा अर्ध्या तासाचं अंतर असतं. घोटाळा नेमका इथेच होतो. पाचला सुटणार म्हणजे पाचला पोचायचं असं धरून माणसं निवांत कॉफी पीत बसतात आणि गँगवे, म्हणजे जहाजात शिरायची शिडी, साडेचारलाच उचललेली असते. जहाज चुकलं तर पुढच्या बंदरापर्यंतचा प्रवास, मुक्काम, सगळं स्वतःच्या खिशातून. म्हणून स्वतःसाठी वेळ ठरवताना छापलेल्या परतीच्या वेळेच्या आणखी 45 मिनिटं आधीची धरा.

उन्हाळ्यात नॉर्वे भारतापेक्षा साडेतीन तास मागे असतं. फोनवर घरचं घड्याळ चालू ठेवलं असेल तर ते बाजूला ठेवा. दोन घड्याळांकडे बघून हिशेब करणं बंदरात नकोच.

गावाचा नकाशा जहाजाच्या वायफायवर रात्रीच उतरवून ठेवा आणि धक्क्याच्या जागी खूण करा. फोनबद्दल आणखी एक खबरदारी घ्या: जहाजावर असताना तो एअरप्लेन मोडवरच असू द्या. जहाजाचं स्वतःचं सॅटेलाइट नेटवर्क असतं आणि फोन त्याला आपोआप चिकटतो. आंतरराष्ट्रीय रोमिंग पॅकमध्ये ते सहसा धरलेलं नसतं. दोन मिनिटं बोललात तरी बिल हजारांत जाऊ शकतं. जमिनीवर पाय ठेवल्यावर मोड काढा. सिम युरोपातलं असेल तर नॉर्वेत ते जादा खर्चाशिवाय चालतं, कारण नॉर्वे युरोपीय संघात नसलं तरी युरोपीय आर्थिक क्षेत्रात आहे.

नॉर्वे शेंगेन करारात आहे, म्हणून भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतोच, गावात पाच तासच फिरणार असलात तरीही. क्रूझ साउदॅम्पटनहून निघून तिथेच परतणार असेल तर ब्रिटनचा व्हिसा परतीच्या दिवसापर्यंत चालू आहे ना ते तिकीट काढण्याआधी तपासा. पासपोर्ट जहाजाने ठेवून घेतला असेल तर उतरताना जहाजाचं कार्ड, फोटो असलेलं एक ओळखपत्र आणि पासपोर्टची प्रत जवळ बाळगा.

पैसे

चलन नॉर्वेजियन क्रोन. एक क्रोन म्हणजे साधारण आठ-नऊ रुपये. नोटा बदलून घेण्याची गरज नाही, कॉफीपासून सार्वजनिक स्वच्छतागृहापर्यंत सगळीकडे कार्ड चालतं. पण भारतीय कार्डवर परदेशातले व्यवहार आणि टॅप करून पैसे देण्याची सोय आपणहून चालू करावी लागते. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन हे घरीच करून घ्या आणि पिन पाठ असू द्या, काही रकमांना यंत्र पिन मागतं. यंत्राने ‘रुपयांत की क्रोनमध्ये’ असं विचारलं तर दरवेळी क्रोन निवडा. रुपये निवडले की दर दुकानाच्या बाजूचा लागतो आणि तो नेहमी महाग पडतो.

दुकानात पाण्याची किंवा शीतपेयाची बाटली घेतली की बिल छापील किमतीपेक्षा दोन किंवा तीन क्रोनने जास्त येतं. ही फसवणूक नव्हे, ती बाटलीची अनामत असते, तिला ‘पान्ट’ म्हणतात. रिकामी बाटली सुपरमार्केटमधल्या यंत्रात टाकली की पैसे परत मिळतात. खरं तर बाटली विकत घेऊच नका. नळाचं पाणी उत्तम आहे, रिकामी बाटली सोबत न्या.

काय घालायचं

छत्री जहाजावरच ठेवा. इथला पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो आणि छत्री पहिल्या कोपऱ्यावर उलटी होते. टोपी असलेलं, पाणी आत न येऊ देणारं जॅकेट, त्याच्या आत एक स्वेटर, त्याच्या आत साधा शर्ट, असे तीन थर पुरतात. जुलैतही दिवसाचं तापमान बहुधा 13 ते 18 अंशांत असतं. डोंगर चढताना घाम येतो आणि माथ्यावर वारा लागला की तोच घाम गार पडतो. म्हणून चढ सुरू करण्याआधी एक थर काढून पाठीवरच्या पिशवीत टाका आणि माथ्यावर पोचताच अंगात घाला. बूट खाचांच्या तळव्याचे हवेत. गुळगुळीत तळव्याचे पंजाबी जूते, सपाट सँडल ओल्या दगडी पायऱ्यांवर घात करतात.

धक्क्यावर पहिली पाच मिनिटं

खाली उतरलात की लगेच चालू लागू नका. वळून जहाजाकडे बघा आणि धक्क्याचं नाव लिहिलेली पाटी व शेजारची एखादी ठळक इमारत फोटोत घ्या. एकाच दिवशी दोन-तीन जहाजं असली की वेगवेगळे धक्के वापरले जातात आणि परतताना ‘तो पांढरा उंच डेक’ सगळ्याच जहाजांचा असतो.

आता मान वर करून गावाच्या पूर्वेला उभा असलेला डोंगर शोधा. तो अक्सला. त्याच्या अंगावर ‘फेलस्तुआ’ नावाची बैठी इमारत दिसते. गावात कुठेही रस्ता चुकला तर दोन घरांच्या फटीतून हा डोंगर शोधायचा: तो ज्या बाजूला, ती पूर्व. नकाशापेक्षा ही खूण भरवशाची आहे, कारण अरुंद गल्ल्यांत फोनवरचा निळा ठिपका इकडेतिकडे उड्या मारतो.

जहाज धक्क्याला न लागता खाडीत नांगरलं असेल तर छोट्या टेंडर बोटीने जावं लागतं. त्यासाठी क्रमांकाची चिठ्ठी घ्यावी लागते. परतीच्या बोटीला शेवटच्या तासात मोठी रांग लागते, तेव्हा वेळेच्या हिशेबात आणखी अर्धा तास धरा.

पहिली पायरी: अक्सलाच्या 418 पायऱ्या

बहुतेक माणसं आधी दुकानांच्या रस्त्यावर रेंगाळतात आणि दुपारी डोंगर चढायला निघतात. उलट करा. डोंगर गावाच्या पूर्वेला असल्याने माथ्यावरून गाव पश्चिमेकडे दिसतं. सकाळी ऊन पाठीमागून येतं आणि समोरची घरं, पाणी, बेटं लख्ख उजळतात. इथे उन्हाळ्यात सूर्य दक्षिणेला, सर्वांत उंचावर, पोचायलाच घड्याळात पावणेदोन वाजत आलेले असतात. त्यानंतर तो हळूहळू समोर सरकतो, गाव सावलीत जातं आणि फोटोत पाण्याची नुसती चकाकी येते. शिवाय दहानंतर सहलीच्या बस वर पोचायला लागतात.

धक्क्यावरून ‘ब्यूपार्केन’ म्हणजे गावाच्या बागेकडे चला. दहा मिनिटं पुरतात. बागेत जमिनीकडे बोट दाखवणारा एक योद्धा उभा आहे. हा रोलो, इथल्या भाषेत गांगे-रोल्व. फ्रान्सच्या नॉर्मंडीतल्या सरदारकुळाचा हा मूळपुरुष याच परिसरातल्या बेटांवरचा, अशी इथली परंपरा सांगते. फ्रान्समधल्या रुआँ शहराने 1911 साली हा पुतळा भेट दिला. त्याला बघून पुढे गेलात की पायऱ्या सुरू होतात.

418 पायऱ्या म्हणजे काही गड चढणं नव्हे. रोज थोडं चालणाऱ्या माणसाला 20 ते 25 मिनिटं लागतात, आजी-आजोबांना थांबत थांबत 40. साठ-सत्तर पायऱ्या चढल्या की दम लागण्याआधीच थांबा. दम लागल्यावर थांबलात तर दर वेळी जास्त थांबावं लागतं. कठडा आहे, उजवीकडून चढा, उतरणाऱ्यांना वाट द्या. गुडघे दुखत असतील तर चढापेक्षा उताराचा विचार करा, कारण गुडघ्यावर भार उतरतानाच येतो. अशा माणसांनी वर चालत जावं आणि खाली टॅक्सीने यावं, किंवा दोन्हीकडून वाहनाने जावं. फेलस्तुआपर्यंत गाडीरस्ता आहे. पाऊस पडून गेला असेल तर पायरीच्या मध्यभागी पाऊल टाका, कडा निसरड्या असतात. ढग इतके खाली आले असतील की धक्क्यावरून फेलस्तुआ दिसतच नाही, तर चढू नका, वर पांढरं धुकंच मिळेल. अशा दिवशी आधी गाव फिरा आणि डोंगर शेवटी ठेवा. इथलं आभाळ तासाभरात बदलतं.

वर पोचलात की लगेच फोटो काढत सुटू नका, दहा मिनिटं नुसतं बघा. खाली मासेमारीच्या गळासारखं वाकडं, चिंचोळं गाव पाण्यात शिरलेलं दिसेल. त्याच्या मधोमध पाण्याची एक पट्टी आहे, ती ‘ब्रोसुंडेट’. ‘ब्रो’ म्हणजे पूल आणि ‘सुंड’ म्हणजे दोन जमिनींमधली अरुंद सामुद्रधुनी. पट्टीच्या अलीकडचं बेट नोरव्होया, पलीकडचं आस्पोया. पलीकडे जरा उंचावर दगडी चर्च दिसतं. थोड्या वेळाने जो रस्ता चालायचा आहे तो सगळा इथूनच डोळ्यांनी चालून घ्या. खाली उतरल्यावर नकाशा उघडावा लागणार नाही.

गाव असं का दिसतं

हे समजल्याशिवाय खालचं फिरणं म्हणजे नुसती रंगीत घरं बघणं. 23 जानेवारी 1904 च्या रात्री, वादळी वारा सुटलेला असताना, इथे आग लागली. गाव लाकडाचं होतं. सुमारे 850 घरं जळाली आणि दहा हजारांच्या आसपास माणसं ऐन हिवाळ्यात उघड्यावर आली. एवढ्या आगीत मृत्यू मात्र एकच झाला. जर्मनीचा सम्राट दुसरा विल्हेल्म सुट्टीला या किनाऱ्यावर येत असे. त्याने अन्न, औषधं आणि सामान भरून जहाजं पाठवली. मुख्य रस्त्यांपैकी एकाला ‘कैसर विल्हेल्म्स गाटे’ हे नाव आहे ते त्यामुळे.

पुढच्या तीनेक वर्षांत गाव पुन्हा उभं राहिलं, या वेळी दगड आणि विटांचं. तो काळ युरोपात ‘युगेंडस्टिल’चा होता, म्हणजेच आर्ट नूव्हो या नक्षीदार वास्तुशैलीचा. तरुण नॉर्वेजियन वास्तुविशारदांना अख्खं गाव एका दमात बांधायला मिळालं. म्हणून इथे एकाच शैलीच्या इमारती रांगेने उभ्या आहेत.

दुसरी पायरी: कोंगेन्स गाटे ते पूल

डोंगर उतरून बागेतून पश्चिमेकडे निघा. कोंगेन्स गाटे हा पादचाऱ्यांचा रस्ता लागतो. ‘गाटे’ म्हणजे रस्ता, ‘टोर्ग’ म्हणजे चौक, ‘कै’ म्हणजे धक्का, ‘शिर्के’ म्हणजे चर्च. एवढ्या चार शब्दांवर सगळ्या पाट्या उलगडतात. दुकानाच्या दारावर ‘ओपेन्ट’ असेल तर उघडं, ‘स्टेंग्ट’ असेल तर बंद. रविवारी बहुतेक दुकानं बंदच असतात. जहाज रविवारी थांबणार असेल तर खरेदीचा बेत दुसऱ्या बंदरासाठी ठेवा.

या रस्त्यावर दुकानांच्या काचांकडे बघत चाललात तर काहीच दिसणार नाही, कारण तळमजले सगळीकडचे सारखेच असतात. पलीकडच्या पदपथावर जा आणि पहिल्या मजल्यापासून वर बघा. एखादीच इमारत निवडा आणि तिच्यापुढे तीन मिनिटं थांबा. पायाशी ओबडधोबड, न घासलेला दगड असतो. त्याच्यावर फिक्या पिवळ्या, निळसर किंवा गुलाबी रंगाचा गिलावा. खिडकीच्या वरच्या भागात बारीक चौकोनी तावदानं, खालच्या भागात मोठी अखंड काच. दारावर वेली, पानं, कुठे चेहरा, कुठे ड्रॅगनसारखं काही कोरलेलं. कोपऱ्यावर बुरूज आणि त्यावर टोकदार टोपी. काही ठिकाणी बांधकामाचं वर्षही दिसतं.

मे ते ऑगस्टमध्ये वर बघताना छज्जांवर ओळीने बसलेले राखाडी-पांढरे पक्षी दिसतील आणि त्यांचा कलकलाट कानावर येईल. हे किटीवेक, समुद्री पक्ष्यांची एक जात. एरवी ते कड्याकपारीत घरटी करतात. इथे त्यांनी दगडी इमारतींनाच कडे मानलं आहे. नॉर्वेत यांची संख्या फार घटली आहे, म्हणून त्यांना खायला टाकू नका, घरट्याखाली टाळ्या वाजवू नका. आणि छज्जाच्या सरळ खाली उभंही राहू नका, जमिनीवरचे पांढरे डाग कशाचे आहेत ते कळेलच.

रस्ता ओलांडताना पट्ट्यांवर पाऊल टाकलं की गाड्या थांबतात. पण इथे विजेवरच्या गाड्या फार, त्यांचा आवाज येत नाही. कानांवर विसंबू नका, मान वळवून बघा.

तिसरी पायरी: पूल ओलांडून आस्पोया

ब्रोसुंडेटवरच्या हेलेब्रुआ पुलाच्या मध्यावर थांबा. दोन्ही काठांवरची गोदामं सरळ पाण्यातून वर येतात, कारण मासे होडीतून थेट खिडकीत उचलून घेत. वारा पडलेला असला तर त्यांचं प्रतिबिंब पाण्यात अखंड दिसतं.

पुलापलीकडे आपोटेकरगाटा आहे. तिथली ‘हंस औषधालया’ची इमारत 1907 सालची, वास्तुविशारद हागबार्ट श्युट्टे-बेर्ग. आता तिथे युगेंडस्टिल केंद्र हे संग्रहालय आहे. पैसे देऊन आत जायचं एकच ठिकाण निवडायचं असेल तर हे निवडा. औषधाच्या दुकानाचं मूळ लाकडी काम आणि वरच्या मजल्यावरचं जेवणघर जागच्या जागी आहे. आगीची गोष्टही इथे नीट सांगतात. तास पुरतो.

तिथून मोलोवेगेनकडे चालत गेलात की होल्मबुआ हे 1861 सालचं लाकडी गोदाम लागतं. आगीतून वाचलेल्या मोजक्या इमारतींपैकी हे एक. त्यात मासेमारीचं संग्रहालय आहे. मघाशी पाहिलेल्या दगडी घरांआधी सगळं गाव कसं होतं ते इथे कळतं. ओलेसुंड हे क्लिपफिस्कच्या निर्यातीचं मोठं बंदर. कॉड मासा उभा चिरायचा, मीठ लावायचं आणि वाळवायचा. पूर्वी तो किनाऱ्यावरच्या खडकांवर पसरत, म्हणून ‘क्लिप’, खडक. आपल्याकडे बोंबील मीठ न लावता वलांडीवर टांगतात, त्याहून ही पद्धत वेगळी. हाच मासा पोर्तुगालला गेला की बाकल्याव होतो. गोव्याच्या वाचकांना हे नाव सांगायला नको.

वेळ आणि पाय साथ देत असतील तर शिर्केगाटाने दगडी चर्चपर्यंत जा. 1909 सालचं आहे, आतल्या भित्तिचित्रांसाठी जावं. दार बंद असेल तर हळहळू नका, परत फिरा. आणि नोरव्होयावर परतल्यावर नगरपालिकेच्या उंच इमारतीपाशी योआखिम रोनेबेर्ग यांचा पुतळा बघा. दुसऱ्या महायुद्धात, फेब्रुवारी 1943 मध्ये, नाझी जर्मनीच्या ताब्यातला वेमोर्कचा जड पाण्याचा (अणुसंशोधनात लागणाऱ्या पाण्याचा) कारखाना उडवणाऱ्या तुकडीचे ते प्रमुख, याच गावचे.

तीन किलोमीटरवर समुद्राकाठी मत्स्यालय आहे. चांगलं आहे, पण सहा तासांच्या थांब्यात ते बसवलं तर गाव धावत बघावं लागतं. लहान मुलं सोबत असतील तर तिकडे जा आणि संग्रहालयं सोडा.

खाणं

एका कॉफीला 40 ते 60 क्रोन लागतात. या किनाऱ्यावरचा खास पदार्थ म्हणजे ‘स्वेले’, जाडसर मऊ धिरडं, लोणी-साखर किंवा तपकिरी चीज घालून घडी केलेलं. त्यात अंडं असतं. शाकाहारी माणसांनी पाकिटावर हे शब्द शोधावेत: ‘स्विन’ डुक्कर, ‘स्टोरफे’ गोमांस, ‘फिस्क’ मासा, ‘रेकर’ कोळंबी, ‘एग’ अंडं, ‘मेल्क’ दूध. ‘वेगेटार’ लिहिलं असेल तरी अंडं असू शकतं. ‘वेगान्स्क’ म्हणजे दूध-अंडं काहीच नाही. सुपरमार्केटमधून पाव, केळी, दाणे घेऊन ब्रोसुंडेटच्या काठावर बसलात तर पैसे आणि वेळ दोन्ही वाचतात. घरून आणलेला चिवडा, भाकरवडी चालेल. पेढे, खवा मात्र धक्क्यावर उतरवू नका, युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला नॉर्वेत बंदी आहे.

परत

स्वतः ठरवलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी, कुठेही असलात तरी, अक्सला शोधा, दिशा धरा आणि धक्क्याकडे चालू लागा. सकाळी काढलेला पाटीचा फोटो उघडून धक्क्याचं नाव ताडून घ्या. कुणाला लागलं-खुपलं तर रुग्णवाहिकेसाठी 113, पोलिसांसाठी 112, आगीसाठी 110. उशीर होणार हे दिसू लागलं की जहाज सुटायची वाट न बघता लगेच एजंटला फोन करा, नंबर त्याच कागदावर आहे. गँगवेवर जहाजाचं कार्ड हातात तयार ठेवा, पिशवी तपासणीच्या पट्ट्यावर टाका आणि आत शिरताच फोन पुन्हा एअरप्लेन मोडवर टाका.